चार्ज द्यायचा राहिलाय

प्रिय स्वरूपा,

फोन सोडून कागदावर लिहितेय म्हणून दचकू नकोस. आपल्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आईच्या कानावर जातं, आणि एवढं मेसेजमध्ये मावत नाही. फर्स्ट शिफ्ट संपवून चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये बसलेय. फोटो काढून पाठवते. दमलेय गं बाई.

बाबांच्या कॅन्सरवर आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं, मी तुला. तेव्हापासून तुझं एकच, बाबांना सांग, तो त्यांचा हक्क आहे. तू आयर्लंडात अखेरच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांची नर्स. तिकडे म्हणे माणसालाच विचारतात, दुखतंय किती, राहायचंय कुठं, जवळ कोण हवं. इथं येऊन बघ! गिरजाआत्या शहाळं घेऊन येते आणि दारातूनच ओरडते, दादा, तोंडावर काय तेज आलंय! मॉर्फिनची सवय लागेल म्हणून आईनं गोळ्या डाळीच्या डब्यामागं लपवल्या, त्या मी भांडून काढल्या. पण तुझ्या पेशंटजवळ कित्येकदा नर्सशिवाय कुणी नसतं, हेही तूच सांगितलंस. बाबांचे पाय चेपायला इथं माणसांची रांग आहे. त्यांना विचारत मात्र कुणीच नाही.

परवा आई दळण आणायला गेली तेव्हा धीर केला. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. बाबाच म्हणाले, उगी, मला ठाऊक आहे. त्या दिवशी दवाखान्यातून आलीस आणि न भांडता मला साखरेचा चहा दिलास, तेव्हाच समजलो. डायबेटिसवरून आयुष्यभर त्यांच्याशी भांडले आणि नेमकी त्या दिवशी माती खाल्ली बघ.

त्यांना आता केमोचं इंजेक्शन नको, घरीच राहायचंय. आई मात्र पुढच्या केमोची तारीख धरून बसलीय. बाबा बरे होणार, असं सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय.

तुला आठवतं, बाबा कंपनीत फिटर होते तेव्हा शिफ्ट सुटली तरी मशीनचं काय बिघडलंय ते पुढच्या माणसाला तोंडानं सांगितल्याशिवाय गेटबाहेर पडायचे नाहीत? चार्ज देणं म्हणायचे त्याला. परवा म्हणाले, तुझ्या आईला चार्ज द्यायचा राहिलाय, माझी जीभ रेटत नाही. धाकटी रोज परक्यांना सांगते ना, तिला बोलाव. स्वरूपा, आईला सांगणं माझ्याच्यानंही होत नाही गं. तू ये. आईला जवळ घे आणि सांग. तोवर बाबा गेटपाशी थांबलेत.

तुझीच,
श्रद्धाताई