ब्रेकचं रबर

१४ एप्रिल २००३, नाशिक

— आणि परत तेच म्हणतो, इंजिन बंद करून उतार मारला की डिझेल वाचतं! किती वेळा सांगायचं भिकाला? इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर जातो, पायडल दगडासारखं लागतं. ज्या गेरमध्ये चढ चढतो त्याच गेरमध्ये उतरायचं. एवढंच. धाकटा असून मलाच सुनावतो, "दादा, जीप मी चालवतो. तू द्वारका चौकातल्या गॅरेजात पाने फिरव."

मीच फोन ठेवला.

१९ एप्रिल

कामात लक्ष नाय. भिकाच्या बायकोला, मीनाला, नववा लागलाय. पोर आडवं हाय. नर्सबाई म्हणाली, बाळंतपण गावात नको, नाशिकला न्या. म्हणजे आपल्याच जीपमधून, सावळघाटातून. आणि आज भिका सहज सांगतो, ब्रेकचं पायडल पार खाली जातं, दोनदा मारलं की धरतं. घाटात दुसऱ्यांदा मारायला वेळ कोण देतो?

सांगितलं — ऑइलची बाटली बघ. चाकं आतून ओली हायत का बघ. ब्रेकच्या मेन सिलेंडरचं रबर काढून एसटीच्या ड्रायव्हरकडं दे, मी इथं स्टँडवर घेतो. जुनं दुसरं बसवून धंदा करू नको. जीप उभी कर.

"उभी करू, मग खाऊ काय? तुझे पाने?"

२१ एप्रिल

रबर नाय आलं. दोनदा स्टँडवर जाऊन आलो.

२३ एप्रिल

आलं. फडक्यात बांधलेलं. फुगून दीडपट झालंय, बोटाला चिकटतं. गॅरेजच्या गोटीराम मिस्त्रींनी नाकाला लावलं. "हे ब्रेक ऑइल नाय. घरातलं तेल कुणी ओतलं रे?"

मी वास घेतला. मोहाचं. आई मोहाच्या बियांचं तेल काढते. भाजीला तेच, अंगाला तेच, दिव्याला तेच. आता ह्या शहाण्यानं ब्रेकला पण पाजलं.

मिस्त्री म्हणाले, असलं तेल गेलं की नुसतं ऑइल बदलून भागत नाय. चारी चाकांची रबरं नवीन टाकायची. पाइप स्पिरिटनं धुवायचे. डिझेलनं धुतले की परत रबर फुगलं.

२४ एप्रिल

भिकाला लय बोललो. नाय नाय ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "मी नाय ओतलं." मग काय मीनानं ओतलं? त्यावर त्यानं फोन ठेवला.

२६ एप्रिल

मीनाच्या पोटात थांबून थांबून दुखतंय. भिका म्हणतो, सावकाश आणतो, हँडब्रेकवर. मी म्हटलं, तिला त्या जीपमध्ये बसवलंस तर तुझं तोंड बघणार नाय. गावात दुसरी जीप हाय, पण तिचा मालक भाडं आधी मागतो.

नवीन रबरं माझ्या खिशात, जीप तिकडं.

२७ एप्रिल

आज फोनवर आई होती. "त्याला कशाला शिव्या घालतोस? शिमग्याला येताना ब्रेक जाऊन जीप घाटात अडली, तवा माझं तेल संपलं म्हणून घेतलेली मोहाच्या तेलाची बाटली तूच उघडून ओतलीस ना? भिका शेजारीच बसला होता."

मीच. गाव गाठायपुरतं ओतलं, मग ढोल वाजायला लागले आणि विसरलो. एवढ्या शिव्या खाऊन पण भिकानं माझं नाव नाय घेतलं.

सकाळच्या एसटीनं दुसऱ्या जीपचं भाडं पाठवतोय. आठशे रुपये.