बोटीवरचं फुकटचं पाणी

बोटीवरून,
ता. ३ नोव्हेंबर

ति. अक्कास,

सा. न. वि. वि. नमस्कार घे आणि बसून वाच, कारण मी फार तापलेय.

हा कागद बोटीचा आहे. खोलीत फुकट ठेवलेला, म्हणून पत्र. इथे फोनला वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर तुझ्या मेव्हण्यांनी दोघांचे फोन पेटीत टाकून कुलूप लावलं. बोट बंदराला लागली की पत्रं खाली जातात. पाठीमागच्या पत्त्यावर तू लिहिलंस तर पुढच्या बंदरात मला मिळेल, असं माझा ठोंब्या म्हणतो.

बोट कशी आहे विचारशील. तू जन्मभर आया म्हणून राबलीस ते इस्पितळ कोणी पाण्यात ढकलून दिलं तर कसं दिसेल, तशी. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे सारखी दारं आणि फिनेलचा वास. तुला घरी आल्यासारखं वाटलं असतं.

चढल्या चढल्या दारात एक पोरगी ट्रे घेऊन उभी होती. उंच ग्लास, लाल सरबत, वर एवढीशी कागदाची छत्री. हसून पुढे केलं. आता कोणी हसून पुढे केलं की माणूस घेतोच, मी घेतलं. यांना म्हटलंसुद्धा, काही नाही हो, रंगीत साखरपाणी आहे. खोलीत येतो तर त्याचं बिल! आपल्या टपरीवर तेवढ्या पैशात अख्खा ट्रक डेपो चहा पिऊन गेला असता. हे भिंतीला टेकले ते टेकलेच. पाणीखात्यात मीटर वाचत फिरणारा माणूस, पाण्याला पैसे पडतात हे दुसऱ्यांना सांगण्यात जन्म गेला. स्वतःवर वेळ आली तर छातीत कळ.

तेव्हापासून यांनी पण केलाय की बोटीवर विकतचा थेंब घशाखाली उतरवायचा नाही. दिवसभर हवं ते प्यायचा एक पास मिळतो, पण खोलीतल्या दोघांनाही घ्यावा लागतो. हे खिडकीवरच्या मुलीशी भांडत होते की पास एकच द्या, आम्ही नवराबायको एकच आहोत. मागे रांग लागलेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. खोलीतल्या फ्रिजमधली बाटली उचलली की बिल, म्हणून फ्रिजच्या मुठीला माझ्या रुमालाने गाठ मारून ठेवलीय. घरून आणलेली किटली तर रखवालदाराने दारातच काढून घेतली.

ठोंब्या धावतपळत भेटून गेला. वरच्या मजल्यावर पोहायच्या तळ्याशी त्याचा सरबतांचा काउंटर आहे. तिकडे येऊ नका म्हणाला, नातेवाइकांशी गप्पा मारलेल्या साहेबांना चालत नाहीत म्हणे. कंपनी अख्ख्या नोकरीत एकदाच आईबापाला फुकट आणू देते, आणि आणल्यावर हा सांगतो तोंड दाखवू नका. पण काउंटरचा मुख्य होण्याची जागा रिकामी आहे आणि ही फेरी संपताना साहेब ठरवणार आहेत. नाही मिळाली तर पुढचं कंत्राट मिळेल याचा भरवसा नाही. तुला माहीत आहे, गॅरेज सोडलं, झेरॉक्सचं दुकान सोडलं, पोरगा टिकला तो इथेच. हे झालं पाहिजे अक्का. बाकी सगळं खड्ड्यात जाऊ दे.

मी येईपर्यंत टपरीवर दूध उतू घालवू नकोस. लोभ आहे तेवढा ठेव, कमी केलास तर येऊन भांडेन.

तुझी,
धाकटी

———

घरून,
ता. ७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद देतेय, पण डोकं थंड ठेवशील तरच लागू पडेल.

पत्र वाचून इतकी हसले की दूध खरंच उतू गेलं. अगं, मेव्हण्यांना वाचवू दे पैसे. त्यांचं तेवढंच एक व्यसन आहे. फक्त ठोंब्याकडे नीट बघ. खातो का, झोपतो का, डोळ्यांखाली काळं आलंय का, ते लिही. तू सगळ्या बोटीचं लिहिलंस आणि पोराबद्दल चार ओळी.

टपरी चालली आहे, पण एका माणसाने माझं डोकं उठवलंय. गोदामातला कारकून आहे. रोज येऊन आपल्या बाकावर बसतो, पिशवीतून घरचा थर्मास काढतो आणि वर माझ्याकडे रिकामा ग्लास मागतो. मी देते. पण आता तो बाकीच्यांनाही शिकवायला लागलाय की चहाला पैसे कशाला घालवता, घरून आणा. काल तिघं थर्मास घेऊन पसरले होते. ड्रायव्हर लोक आले, जागा नाही बघून समोरच्या टपरीवर गेले. काय करू ते कळव. मला मेलीला कोणाला ऊठ म्हणता येत नाही.

जपून राहा. माया आहेच, ती काही बोटीबरोबर लांब गेली नाही.

तुझी,
अक्का

———

बोटीवरून,
ता. ११ नोव्हेंबर

ति. अक्कास,

सा. न. वि. वि. आधी कामाचं. त्या कारकुनाला हाकल! उद्या नाही, आज. बाक माझा, ग्लास माझा, सावली माझी, आणि चहा याच्या घरचा? वर शाळा काढलीय होय माझ्याच दारात? तुला जमत नसेल तर बाकावर बादलीभर पाणी ओत, ओल्यात कोणी बसत नाही. आपण पोटाला चिमटा काढतो तेव्हा कुठे टपरी उभी राहते, हे त्या थर्मासवाल्याला काय कळणार!

आता इकडचं. तुझे मेव्हणे बोटीवर मोठे झालेत. जेवणाच्या हॉलमध्ये पाण्याचं मशीन आहे, ते फुकट. शेजारी वाडग्यात लिंबाच्या फोडी, त्या फुकट. साखरेच्या पुड्या फुकट. झालं, यांनी सरबताचा कारखानाच काढला. रोज सकाळी रिकाम्या बाटल्या घेऊन मशीनशी उभे. मग आमच्या बोळातला जाडा ठेकेदार येऊन मिळाला, मग एक डॉक्टरीण सासूला घेऊन आली, आता तर रांग लागते. हे मध्ये उभं राहून शिकवतात. ट्रे दिसला की हात मागे बांधा. फ्रिजकडे बघू नका. दुपारी अमुक वेळेला चहा फुकट असतो, तेव्हा दोनदा घ्या. ठेकेदार यांना गुरुजी म्हणतो. मला चीड येते. शरमेने मी खांबाआड उभी राहते. पण नवऱ्याला कोणी गुरुजी म्हटलं की थोडं बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू.

काल गुपचूप वर जाऊन आले. तळ्याभोवती खुर्च्या गच्च भरलेल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात यांनी शिकवलेली लिंबाची बाटली. ठोंब्याच्या काउंटरवर चिटपाखरू नाही. कोरडेच ग्लास पुन्हा पुसत उभा होता. म्हटलं चला, पोराला आराम तरी आहे. मला बघून त्याने मान खाली घातली. तू म्हणतेस तसं डोळ्यांखाली काळं आहे. एक कोटवाला साहेब आला, बाटल्यांकडे बोट करून काहीतरी विचारलं. याने नुसतीच मान हलवली.

बाकी ठीक. राग माझ्या नाकावर असतो, तू तो मनावर घेऊ नकोस.

तुझी,
धाकटी

———

बोटीवरून,
ता. १२ नोव्हेंबर

ति. मावशीस,

शि. सा. न. आई लिहिते हे माहीत आहे, पण हे पत्र मी पाठवलंय हे तिला सांगू नकोस.

मावशे, इथे पगार नावापुरता असतो. जितके ग्लास विकले जातील तितकं आमचं, आणि मुख्य कोणाला करायचं तेही त्यावरच. मागच्या दोन फेऱ्यांत माझा काउंटर सगळ्यात पुढे होता. या फेरीत दिवसभर कोणी फिरकत नाही. बाबा सकाळी मशीनशी उभे राहतात आणि अख्खा मजला त्यांचं ऐकतो. मी लहान असताना ते घरोघर फिरायचे तेव्हा त्यांचं कोणी ऐकायचं नाही, लोक दारं लावून घ्यायचे. इथे पहिल्यांदा लोक त्यांना खुर्ची देतात. त्यांना जाऊन थांबा कसं म्हणू?

चढताना आईने ते लाल सरबत घेतलं ना, ते मी बनवलं होतं. तिला आवडतं का बघायला खांबामागे उभा होतो. ती म्हणाली रंगीत साखरपाणी. असो.

खरी गोष्ट वेगळीच आहे. परवा साहेबांनी विचारलं, तो बाटल्यावाला म्हातारा कोण आहे? मी म्हणालो, माहीत नाही. मावशे, आई समोर उभी होती. तिला ऐकू गेलं नाही एवढंच.

तू आपणहून बाबांना काहीतरी लिही. जास्त लिंबाने सांधे धरतात, असं काहीही. आशीर्वाद असू दे, या वेळी जरा जास्तच लागेल.

तुझा,
ठोंब्या

———

घरून,
ता. १६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ. ठोंब्याने मला पत्र लिहिलंय आणि तुला सांगू नको म्हटलंय. म्हणून सांगते.

तो आराम करत नाहीये बये. त्याचे ग्लास विकले गेले तरच त्याला पैसे आणि तरच ती जागा. त्याचा काउंटर रिकामा आहे तो तुझ्या गुरुजींमुळे. तुझ्या बाकावरच्या कारकुनाला हाकल म्हणून तू मला दोन पानं सुनावलीस. तो कारकून तुमच्याच खोलीत राहतो, फक्त थर्मासऐवजी बाटली आहे.

साहेबांनी विचारलं तेव्हा पोराने बापाला ओळख दिली नाही, आणि आता त्याला घास गिळवत नाही. त्याला बोलू नकोस. मेव्हण्यांनाही फार बोलू नकोस. ऊठ आणि वर जा.

तुझी,
अक्का

———

बोटीवरून,
ता. २० नोव्हेंबर

ति. अक्कास,

सा. न. वि. वि. फार बोलू नकोस म्हणालीस, पण ते मला जमलं नाही.

पत्र आलं तेव्हा हे रुमालात लिंबाच्या फोडी बांधत होते. मी त्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं, तुझ्या अक्षराला अडखळत. ओळख दिली नाही, ते सुद्धा वाचलं. गाळावंसं वाटलं होतं, पण मला वाचता वाचता गाळता येत नाही. हे फोडी बांधतच राहिले. मग म्हणतात, पण माझं चुकलं कुठे, पाणी फुकटच आहे ना? अक्का, मी ती सगळी लिंबं खिडकीवर मारली. इथली खिडकी उघडत नाही. सगळी परत माझ्याच अंगावर.

मी म्हटलं, अहो, मी चहा विकते आणि मला कळलं नाही, तर तुम्हाला काय कळणार! रिकामा काउंटर बघून मी खूश होऊन आले. टपरी रिकामी दिसली की मी रस्त्यावर येऊन गिऱ्हाइकाला हाका मारते, आणि पोटच्या पोराची रिकामी दिसली तर म्हटलं आराम आहे! मग मात्र रडू आलं. हे उठून मशीनशी गेले.

तिथे यांनी सांगितलं की बास झालं, आता वर जाऊन विकत घ्या. ठेकेदार हसायला लागला. गुरुजी, कंपनीने किती दिले, असं विचारतो मेला! डॉक्टरीण म्हणाली, आता लिंबाचीच सवय झाली. एक माणूस हलला नाही. इतकं चांगलं शिकवून ठेवलंय!

हे खोलीत आले, इस्त्रीचा सदरा घातला आणि वर निघाले. मी मागून. काउंटरशी तो कोटवाला साहेब उभाच होता. हे त्याच्यापुढे गेले आणि म्हणाले, तुम्ही विचारत होता तो बाटल्यावाला मी. लोकांना मी शिकवलं, या मुलाच्या कामात काही खोट नाही. साहेबाने विचारलं, तुम्ही याचे कोण? अक्का, हे म्हणाले, कोणी नाही, मी प्रवासी. सरळ साहेबाच्या डोळ्यात बघून. या माणसाला रेशनच्या दुकानातही खोटं बोलता येत नाही.

मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात ठोंब्याने हातातलं फडकं खाली ठेवलं, काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आला आणि म्हणाला, हे माझे बाबा. ही आई. त्या दिवशी मी माहीत नाही म्हणालो ते खोटं होतं. साहेबाने तिघांकडे पाहिलं आणि निघून गेला. माझा जीव टांगणीला.

आज सकाळी कळलं. मुख्याची जागा दुसऱ्याला दिली. मी साहेबाला गाठून चार शब्द सुनावणार होते, ठोंब्याने हात धरून बसवलं. कंत्राट मिळालंय, त्याच काउंटरवर. साहेब त्याला म्हणाला म्हणे, तुझ्या बापाने बोलून अख्खा मजला फिरवला, त्याच्या निम्मं तुला आलं तर पुढच्या वर्षी बघू. ठोंब्या हसत सांगत होता. हसला म्हणून मी सोडलं.

आता हे पत्र मी काउंटरवरच बसून लिहितेय. उंच स्टुलावर माझे पाय लोंबकळतायत. मी ते लाल सरबत मागून घेतलं. चांगलं आहे, आणि तसं त्याला तोंडावर सांगितलं. यांनीही एक घेतलंय, पैसे मोजून. दुपारपासून तोच ग्लास! बर्फ वितळला तेही चोखून प्यायले, आता छत्री चाटतायत. मी म्हणते, दुसरं तरी घ्या, नाहीतर उठा, जागा अडवू नका. ऐकतील तर शपथ. ठोंब्याला दया आली, त्याने पाण्याचा पेला पुढे केला. याचे पैसे नाहीत बाबा, म्हणाला. यांनी इकडे तिकडे बघितलं आणि पेला परत सरकवला. हळूच म्हणाले, नको, लोक बघतायत.

घसा कोरडा पडलाय त्यांचा, मला दिसतंय. पण घेत नाहीत.

उतरले की तडक टपरीवर येते. तोवर लोभ धरून ठेव, आणि गुरुजींवरचाही सोडू नकोस.

तुझी,
धाकटी