सुटलेल्या ओळी

तात्यापारा, रायपूर
२१ एप्रिल २०२५
जावक क्र. ५२

ती. मीराआत्यास,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं चौदा तारखेचं पत्र शुक्रवारी पोचलं. बाबांनी वहीत आवक क्रमांक घातला, ३१, आणि जेवणानंतर ते मोठ्यानं वाचलं. एकोणीस मिनिटं लागली. त्याआधीच्या पत्राला तेवीस लागली होती आणि ते अर्ध्या पानानं लहान होतं, म्हणजे सुधारणा आहे. सुटलेले शब्द अकरा. सगळे ओळीच्या उजव्या टोकाचे. पक्षाघातानंतर त्यांना त्या बाजूचं कमी दिसतं. व्यायाम करून घ्यायला येणारे हरिदास भैया माझा हिशेबाचा कागद हातात घेतात, हव, हव म्हणत मान डोलावतात आणि न वाचता परत देतात. पण मोठ्यानं वाचायची कल्पना त्यांचीच, त्यामुळे तक्रार नाही. बाबांना हिंदी पेपर वाचायचा नाही आणि मराठी पेपर इथे शिळा होऊन येतो. तेव्हा तुमची पत्रं हेच औषध. आठवड्याला एक, चुकवू नका.

स्टेशन मास्तर रिटायर झाले तरी नंबराशिवाय कागद घराबाहेर जात नाही. हे पत्रही ते आधी सर्वांदेखत वाचतील, जावक क्रमांक घालतील, मग आई भाताच्या शितानं तिकीट चिकटवेल, कारण पोस्टाच्या गोंदावर तिचा विश्वास नाही. तिकीट सरळ बसलं की नाही ते ती दारातल्या उजेडात धरून पाहते.

अनिमेषचा रविवारी टोरांटोहून फोन आला होता. आईनं लेकाला सांगितलं की काळजी करू नको, यामिनी आहे न. हेच ती दूधवाल्याला सांगते, हरिदास भैयांना सांगते. मागच्या आठवड्यात नऊ वेळा. तीन आठवड्यांच्या रजेवर मी पुण्याहून आले त्याला चौदा महिने झाले. नव्या रायपुरात नोकरी पाहा, संध्याकाळी घरच्या घरी येशील, असं आईचं म्हणणं आहे. मी एकदा जाऊन आले. रस्ते रुंद आहेत, परतीची बस पन्नास मिनिटांनी आली, आणि मी पुण्यात ज्या प्रकारची उपकरणं बनवत होते ती तिथे कुणी बनवत नाही.

आता तुमच्याकडचं काम. संगणकाच्या भाषांतरासाठी मी घरी बसून शब्द तयार करून देते हे तुम्हाला माहीत आहे. एका इंग्रजी शब्दाचे जितके अर्थ तितक्या ओळी; प्रत्येक ओळीला एक मराठी शब्द आणि एक उदाहरण. या आठवड्यात होल्ड आला आहे. तुम्ही एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून विचारते. हातात धरणं सोपं आहे: बाबा पेन डाव्या हातात धरतात. भांड्यात मावणं हेही झालं: माझ्या सुटकेसमध्ये आता तीन गोधड्या आणि अनिमेषचे स्वेटर मावतात. मत बाळगणं, सभा भरवणं, दोर तुटेपर्यंत टिकणं, हे लिहून ठेवलं आहे. अडले आहे ते दोन अर्थांवर. एक, गाडी होल्ड करणं: सिग्नल न मिळाल्यामुळे गाडी चौदा महिने स्टेशनाबाहेर, आउटरला उभी आहे. दुसरा, जागा होल्ड करणं: पुण्याच्या प्रयोगशाळेनं तिची जागा एकतीस मेपर्यंत होल्ड केली आहे. दोन्हींना एकच मराठी शब्द चालेल की वेगळे हवेत, ते कळवा.

इथे ऊन बेताल आहे. तुम्ही दुपारी बँकेत जाऊ नये.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा, कमी न व्हावा.

तुमची
यामिनी

धरमपेठ, नागपूर
२८ एप्रिल २०२५

चि. यामिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भाची पत्र लिहिते की तपासणीचा अहवाल पाठवते हे ठरवायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला. खुशाली एका ओळीत आणि मिनिटं चार ओळींत. नीलकंठा, तू हे मोठ्यानं वाचत असशील तर इथे थांबून हसायला परवानगी आहे. वनमाला, तू मागच्या वेळी लिहून पाठवलेली तिळाच्या साराची कृती मी सुनेला दाखवली, तिनं त्यात साखर घातली. मी पातेलं तिच्यासमोरच ठेवलं आणि जेवले नाही, एवढंच.

माझं बरं चाललं आहे. कानातलं यंत्र आणि बटणांचा फोन यांचं जमत नाही ते नाहीच. कोणी बोललं की शिटी ऐकू येते. त्यामुळे फोन करू नका, मी उगाच हो हो म्हणते आणि नंतर कशाला हो म्हटलं ते कळत नाही. मागच्या महिन्यात अशीच एका लग्नाला दोन रात्री मुक्कामाला कबूल झाले होते.

तुझ्या शब्दाचं. पोरी, एका शब्दानं भागणार नाही. गाडीला थोपवून ठेवणं लिही आणि जागेला राखून ठेवणं. थोपवण्यात कुणीतरी आडवं उभं असतं, राखण्यात कुणीतरी वाट पाहत असतं. वर्गात मुलींना मी हेच सांगत असे, की शब्द शोधायच्या आधी त्या वाक्यात माणूस कुठे उभा आहे ते पाहा. वाक्यं हवी असतील तर मीही दोन-चार देते. वहीत उतरवून घे. पाऊस टाकीला मावेना. मुख्याध्यापिकेनं सभा भरवली आणि स्वतःच आली नाही. राखून ठेवलेली जागा स्वतःच्या तोंडानं मागावी लागते, दुसरा मागत नाही. बाळाने आजीचं बोट घट्ट धरलं. नागपूरची एक म्हातारी दोन महिने येऊन राहू शकते, तिला बोलावणं हवं. ते मत तिनं मरेपर्यंत बाळगलं. थोपवून ठेवणारा माणूस दर वेळी वाईट असतो असं नाही. पुरेत की अजून देऊ?

नीलकंठाला दुपारी ताक दे. हरिदासला म्हणावं, हव सोडून दुसरा शब्द शिक.

सगळ्यांना यथायोग्य. तुझ्यावर जीव आहे, आकडेवारी मागू नकोस.

तुझी
मीराआत्या

पंडरी, रायपूर
७ मे २०२५
(जावक क्रमांक नाही)

ती. मीराआत्यास,
यामिनीचा नमस्कार.

आईच्या साडीला फॉल घ्यायला पंडरीच्या बाजारात आले आहे. हे पत्र दुकानाच्या बाकावर बसून लिहिते आहे आणि इथूनच टाकणार आहे. चौदा महिन्यांत बाबांच्या वहीत न गेलेलं हे पहिलं पत्र. तुम्ही याचं उत्तर पाठवू नका; ते मोठ्यानं वाचलं जाईल.

तुम्ही ओळखलंत. प्रयोगशाळेचं पत्र खरं आहे, तारीख खरी आहे. एकतीस मेपर्यंत हो कळवायचं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हजर व्हायचं. मी अजून काही कळवलेलं नाही. घरी मला कुणी अडवलेलं नाही, हे तुम्हाला समजलं पाहिजे. अडवलं असतं तर मला भांडता आलं असतं. आई फक्त मध्येच कधीतरी म्हणते की तू गेली तर बाबाले कोण उठवील, मले कोण पाहील, आणि उत्तराची वाट न पाहता भाजी निवडू लागते.  माझ्या सुटकेसमध्ये गोधड्या तिनं मला विचारून ठेवल्या. मी ठेव म्हणाले. असं एकेक ठेव म्हणत मी इथवर आले.

अनिमेषला कधी कुणी विचारलं नाही. त्यालाही मी दोष देत नाही. विचारलं नाही त्यावर तो तरी काय बोलणार.

पण हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही. तुमचं अठ्ठावीसचं पत्र शनिवारी आलं आणि बाबांनी वाचलं. आई सुनेच्या साखरेवर हसली. मी नेहमीसारखी कागद घेऊन बसले होते, नंतर पत्राशी ताडून पाहिलं. शब्द सुटले चार, चारही उजव्या टोकाचे. आणि तीन पूर्ण वाक्यं सुटली. जागा तोंडानं मागावी लागते हे एक. नागपूरची म्हातारी हे दुसरं. थोपवून ठेवणारा माणूस हे तिसरं. त्यांच्या मागची-पुढची वाक्यं बाबांनी नीट वाचली. पाऊस, मुख्याध्यापिका, बाळ, सगळं आलं. तिन्ही वेळा ते थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं वाक्य धरलं. पक्षाघातामुळे शब्द गळतात. असं वाक्य निवडून गळत नाही.

म्हणजे त्यांना कळलं आहे. माझं एकवीस तारखेचं पत्र त्यांनीच वाचून नंबर घातला होता, तेव्हाच कळलं असणार. पुढचं मला सांगता येत नाही. त्यांनी ती वाक्यं आईच्या कानावर जाऊ नयेत म्हणून सोडली, की माझ्या कानावर जाऊ नयेत म्हणून? पहिलं असेल तर ते माझ्या बाजूनं आहेत. दुसरं असेल तर मी इथेच राहावं अशी त्यांचीही इच्छा आहे, आणि मग मी हो कळवणार नाही. मोजून हे ठरत नाही. विचारायला मला जमत नाही. आमच्या घरात बाबांना प्रश्न विचारायची पद्धत नाही, अर्ज करायची आहे.

त्या दिवसापासून सकाळी उठताना हाताला धरायला ते मला हाक मारत नाहीत. पलंगाची कड धरून एकटेच उठतात. मंगळवारी पडता पडता वाचले. मी दारात उभी होते, मला पाहून ते म्हणाले की काही नाही, काही नाही. दोन्ही शब्द स्पष्ट होते.

दुकानदार दीदी, दीदी करून रंग विचारतो आहे. आईला फॉल मोरपंखी हवा आहे.

लोभ असावा, आणि हे पत्र फाडून टाकावं.

यामिनी

तात्यापारा, रायपूर
१७ मे २०२५

ती. मीराताईस,
नीलकंठचा सा. नमस्कार.

डाव्या हाताने लिहितो आहे. तीन दिवस लागले. अक्षराला हसू नये, आणि चुका मोजू नयेत. मोजणारी घरात आहे.

तुझी तीन वाक्यं मी जाणून सोडली. यामिनीनं ते कागदावर टिपलं, मी पाहिलं. तिला विचारता आलं नाही. मला सांगता आलं नाही. बापलेक एकाच कारखान्यातले.

तिचं आउटरचं वाक्य वाचलं तेव्हाच समजलो. ही पोट्टी खोटं उदाहरण देत नाही, तिला जमत नाही. ताई, छत्तीस वर्षं मी गाड्या घेतल्या आणि सोडल्या. आउटरला गाडी उभी राहिली की आतल्या लोकांना वाटतं स्टेशनात काही अडचण असेल. आमच्या स्टेशनात जागा होती. सिग्नल माझ्या हातात होता. गाडी दिसत राहते म्हणून पाडला नाही. खरं कारण एवढंच. आजाराचं नाव पुढे केलं ते सोयीचं होतं.

वाक्यं सोडली ती वनमालासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. तिला एकदम ऐकवू नये म्हणून. पण त्यात माझीही सोय होती. न वाचलेलं वाक्य वहीत येत नाही.

आता मी एकटा उठतो. एकदा पडणार होतो, आता नाही. हरिदास मला चौकापर्यंत नेऊन आणतो. वनमालाला सोबत हवी. माझ्यापेक्षा तिला जास्त हवी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुला बोलावणं हवं होतं. हे बोलावणं. २८ तारखेपर्यंत ये, दोन महिन्यांच्या तयारीने ये. कानाचं यंत्र आण, आणि ती साखरेची सून आणू नकोस.

यामिनीनं होकार कळवावा. मी तिला हे तोंडाने सांगायला गेलो तर शब्द गळतील. वनमालाला सांगायला गेलो तर ती भाजी निवडू लागेल. म्हणून असं ठरवलं आहे. नियमाप्रमाणे घरातून जाणारं पत्र आधी वाचलं जातं. हे पत्र उद्या जेवणानंतर मी दोघींसमोर मोठ्याने वाचणार आहे. एकही ओळ सोडणार नाही. पूर्ण झालं तरच जावक क्रमांक घालीन.

ताई, माया पातळ करू नकोस.

तुझा
नीलकंठ

जावक क्र. ५६

ता. क. आत्या, हे मी लिहिते आहे. वाचायला सव्वीस मिनिटं लागली. सुटलेले शब्द शून्य. सिग्नलच्या ओळीशी ते थांबले, पाणी घेतलं नाही, पुढे वाचलं. आई सोबतीच्या वाक्याला उठून आत गेली. बाबा थांबले. ती परत येऊन बसेपर्यंत थांबले आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तिकीट आईनंच लावलं, शितानं. या वेळी दारात नेऊन पाहिलं नाही. थोडं वाकडं बसलं आहे. मी सरळ केलेलं नाही.

यामिनी