सगळ्यांचे कोड तुझ्याच फोनवर

प्रिय दादा,

तू जाऊन सात महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. काल शनिवारी परभणीचं तुझं गेमचं दुकान तू गेल्यानंतर पहिल्यांदा उघडलं. शटर वर करते तोच बोरीचे कदम गुरुजी दारात हजर.

पिनबॉलचं मशीन चालू केलं, तर ते कोड मागत बसलं. आणि कोड जाणार तुझ्या मोबाइलवर. ज्याचा खेळ जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू व्हावा म्हणून तू मशीनला इंटरनेटची डबी बसवलीस, ते ठीक. पण एकच खातं उघडून त्यात पंधरा जणांची नावं कशाला घातलीस? तर तू म्हणालास, "कुठं पर्त्येकाला कोड विचारीत बसायचं? टाक माझाच नंबर." गल्लीतल्या निम्म्या घरांच्या गॅसचे कोडसुद्धा तुझ्याच फोनवर यायचे. मी तेव्हाच बजावलं होतं. ऐकलंस कधी माझं?

त्या पंधरांत गुरुजी आहेत. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. तूच त्यांना मशीनपुढे उभं केलंस ना? दोन वर्षं दर शनिवारी एसटीने येऊन त्यांनी उजवीकडचं बटन दाबलं. आधी त्या बाजूचा प्रत्येक चेंडू खाली जायचा. मग एकेक टप्पा चढत ते नवव्यापर्यंत पोचले. ते सगळं त्या खात्यात अडकलंय.

"पोरगा म्हणतोय, नुस्ता एसटीचा खर्च हाय," गुरुजी म्हणाले. "पुढच्या शनवारी त्याला आणून दाखवणार होतो."

मी म्हटलं, नवीन खातं उघडू, पहिल्यापासून खेळा.

"पयल्यापासून? माझ्याकडं तेवढे दिवस हायत का, शकू?"

याचं उत्तर तू दे.

तुझा फोन वहिनीने कपाटात ठेवलाय. त्यात रिचार्ज मारायचं मला सुचलं नाही. तो राग माझा माझ्यावर. तुझा नंबर लावून पाहिला, तर तो बंद पडून आता कुणा अनोळखी माणसाकडे गेलाय. "माझ्या भावाचा कोड येईल, तेवढा सांगा," म्हटलं.

"मला फसवायलीस का? भाऊ कुठाय तुझा? दे त्याला फोन."

मी गप्प. त्याने फोन ठेवला. त्याचं तरी काय चुकलं? कोड कुणाला सांगू नये, हे आता शेंबडं पोरही जाणतं.

पण मी गप्प का बसले, दादा? सात महिने लोक घरी येऊन बोलून गेले. मी फक्त मान हलवत राहिले.

उद्या त्याला पुन्हा फोन करीन. शिव्या देईल, देऊ दे. गुरुजींचा नववा टप्पा परत आणीनच. "भावाला फोन दे," म्हणाला, की सांगेन, माझा भाऊ वारला.

तुझ्यावर अजून चिडलेली,
शकू