दुसरीच्या वर्गातली काचेची कौलं

७ ऑक्टोबर
दुसरीचा वर्ग आता कसा लख्ख दिसतो! जूनच्या सुट्टीत श्रमदान सगळ्या गावानं केलं, पण काचेची कौलं कुठे बसवायची ते मी ठरवलं. ऊन दक्षिणेच्या भिंतीवर पडावं, चुन्यावरून उजेड मऊ होऊन पोरांच्या वह्यांवर यावा — दोरी धरून आखलं. बाकांचे पाय कुठे टेकायचे तेही फरशीवर रंगवून दिलं. आज दोन बाक बोटभर सरकलेले! मुख्याध्यापिका वार्तिनीबाईंना, आमच्या बु वार्तिनींना, सुनावलं. "चुकलंच, पाक," त्या मानानं म्हणाल्या. "पोरं आहेत." शिकलेली माणसं, पण डोळ्यांत माप नाही.

बायको म्हणाली, "आज बाक मोजलेत, उद्या पोरं मोजाल."

११ ऑक्टोबर
शेजारच्या सुलास्त्रीची पोरगी किनासिह वर्गात चक्कर येऊन पडली. नाकातून रक्त. दवाखान्यात म्हणाले, ऊन लागलं. वर्गात कसलं ऊन! "सकाळी उपाशी पाठवली असेल," मी म्हणालो. चारचौघांत. तिच्या आईसमोर. सुलास्त्रीनं मान खाली घातली. "असेल, पाक."

१२ ऑक्टोबर
शाळा बंद होती. दुपारी किल्ली मागून एकटा आत गेलो.

ऊन भिंतीवर नाहीच! सरळ कौलांखाली, किनासिहच्या बाकावर. लाकडावर तळहात ठेवला, टिकेना. बाहेर अंगणात आलो तर माझी सावली पायांखालीच. विषुववृत्ताखालचं आमचं गाव; जूनमध्ये सूर्य उत्तरेला असतो, आता डोक्यावर आला. हे जन्मापासून बघतोय — मिरचीच्या रोपांना सावली कधी करायची ते याच्यावरून सांगतो मी लोकांना! आणि कौलं बसवताना आठवलं नाही.

ती आई पहाटे उठून पोरीसाठी सोयाबीनचं तेम्पे तळते. वास आमच्या घरापर्यंत येतो. आणि मी म्हणालो, उपाशी.

१३ ऑक्टोबर
कौलं उतरवली. मदतीला कुणाला हाक मारायचं तोंड नव्हतं. बु वार्तिनी आपणहून आल्या, शिडी धरली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी वरूनच विचारलं.

"गेल्या महिन्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"फळ्याची उंची चुकली, असं मी म्हटलं होतं एकदा. तुम्ही महिनाभर शाळेकडे फिरकला नाहीत, पाक." मग घाईघाईनं, "पोरांची सोय केली होती आम्ही —" आणि कौल घ्यायला हात वर केला.

कसली सोय? विचारायचा धीर झाला नाही. वर्ग पुन्हा अंधारा. उद्या दिव्यांचं बघतो. नाही — आधी बाईंना विचारतो, काय हवंय ते.

१४ ऑक्टोबर
पपई घेऊन सुलास्त्रीच्या दारापर्यंत गेलो. परत आलो. पपई मीच खाल्ली.

१५ ऑक्टोबर
आज आत गेलो. किनासिह चटईवर उठून बसली होती. ताप उतरलाय. सुलास्त्रीनं चहा ठेवला, वर "बसा" म्हणाली! माफी मागायला तोंड उघडतो तर पोरगीच विचारते —

"पाक्दे काका, माझ्या जागेवर आता कोण बसतं? तिथूनच रस्ता दिसतो. बाकीची पोरं बाईंबरोबर बाहेर आंब्याखाली शिकतात ना. तुम्ही येताना दिसलात की हाक मारायला कुणीतरी आत लागतं. नाहीतर त्यांना पळत येऊन बसायला वेळ कुठून मिळणार?"

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.