बाबांनी सरकवलेली रेघ

चौबे कॉलनी, रायपूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. शर्मिष्ठाताईस,
धाकट्या भावाचा सविनय जयभीम. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बाबा न सांगता तुझ्याकडे बिलासपूरला निघून आले. त्यांनी तुला अर्धंच सांगितलं असेल.

मी शेअर बाजारात निफ्टीचे पुट विकले होते. बाजार टिकला तर थोडी कमाई, कोसळला तर मोठा तोटा. बाजार जिथून पुन्हा पुन्हा वर वळतो, तिथे मी चार्टवर रेघ मारली होती. तिला सपोर्ट म्हणतात. भाव रेघेखाली गेला की बाबांनी सौदा कापायचा, एवढंच काम. सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये माझा फोन गेटवरच जमा होतो. सौदा आपोआप कापणारा स्टॉप-लॉस मी लावत नाही. त्याने सौदा उगाच कापला जातो आणि बाजार परत वर येतो. त्या दिवशी भाव खाली गेला, तर बाबांनी सौदा कापायचा सोडून रेघच खाली सरकवली! मी शिफ्टवरून येईपर्यंत त्यांच्याच निवृत्तीचा पैसा साफ. माझ्या तोंडून नको ते निघालं. अजून डोकं ठिकाणावर नाही.

इंदू आणि ईरा बऱ्या आहेत. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
प्रशिक

बिलासपूर
१७ फेब्रुवारी

चि. प्रशिकला,
जयभीम आणि आशीर्वाद.

वा रे मास्तर! स्वतः शिकवलं आणि पोराऐवजी बापाला नापास केलं. थट्टा पुरे, मला फार वाईट वाटतं आहे. बाबा धड जेवत नाहीत.

रेघ काहून सरकवली, असं मी विचारलं. ते म्हणाले की पोट्टा तर स्वतःच सरकवते. सुट्टीच्या दिवशी तू त्यांच्या शेजारी बसून रेघ खाली घ्यायचास, बाजार वर आला की हसून त्यांच्या पाठीवर थाप मारायचास. मले वाटलं असंच करतात, म्हणाले. आता सांग, चूक कोणाची? वर तू त्यांना फुकटखाऊ म्हणालास, हे मला इंदूकडून कळलं. त्यांना एकदा बोलाव. तू बोलावलंस तर येतील.

ईराला माझा गोड पापा. तब्येतीला जप.
तुझी ताई

रायपूर
२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सविनय जयभीम.

झालं ते झालं. बाबांना पाठव. घर खायला उठतं, ईरा रोज आजोबांना विचारते. मी त्यांना माफ केलं आहे.

पण लवकर पाठव. इंदूचे लग्नातले दागिने गहाण ठेवून थोडं भांडवल उभं केलं आहे. या वेळची रेघ पक्की आहे. इंदू फोनकडे बघायलाही तयार नाही, आणि मी शिफ्टवर असताना कोणीतरी नजर ठेवायला हवी.

भावाला अंतर देऊ नकोस.
प्रशिक

बिलासपूर
१ मार्च

प्रशिक,

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होते. पाठव हा शब्द ऐकला आणि ते उठून सदरे पिशवीत भरू लागले. गाडी किती वाजताची ते विचारलं, ईरासाठी लाडू घ्यायला सांगितले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता. मी वाचायची थांबले, तर म्हणाले की पुढचं बी वाच.

वाचलं. खोटं बोलायला हवं होतं, मला सुचलं नाही.

ते पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसले. मग म्हणाले की कशासाठी का होईना, पोट्ट्यानं बोलावलं तर आहे. आणि पिशवीची चेन लावली. मी रडले, भांडले, ऐकेनात. आठ तारखेला दुपारी रायपूरला पोचतील. स्टेशनवर तू स्वतः जा.

यापुढे माझ्याकडे लोभ मागू नकोस. माझ्या वाटचाही त्यांना दे.
शर्मिष्ठा