डाव्या बाजूनं

तंजावूर, १९९४. शुक्रवार, संध्याकाळ.

आज क्लबचा नवा फुटबॉल कोच ठरला. कमिटीसमोर तो स्वतः जिंकून दिलेले तीन कप टेबलावर मांडून बसला होता. शाळेचा कोच असताना यानंच माझ्या धाकट्या भावाचा, गोपूचा, डावा कान बुटानं फोडला. का, तर पेनल्टी हुकली. रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरलं होतं. तो कान तेव्हापासून बंद. त्या तीनांतलाच एक कप उचलून याचे दात पाडावेत असं वाटत होतं.

तो तमिळ. त्याला कळू नये म्हणून, परक्यांसमोर नेहमी करतो तसं मी आमच्या मराठी कमिटीतल्या सुंदररावांना मराठीत म्हणालो, "याला घेतलंत तर आणखी कान फुटतील."

तो हसला. मराठीतच म्हणाला, "राव, त्या मारानंतरच तुमचा गोपू गोल करायला लागला."

आमच्याच गल्लीतल्या पोरांना बडवता बडवता मराठी शिकला असणार.

सगळे हसले. मग त्याच्या बाजूनं हात वर झाले. माझाही. का? कप तीन होते म्हणून?

घरी गोपूनं विचारलं, "कोण ठरलं?"

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. तिथूनच, हळू आवाजात, नाव सांगितलं.